शनिवार-रविवारची मावळफेरी आणि घाटमाथ्यावरचे पाणी



आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुले आता परदेशात नोकरीला आहेत. सुट्टीला येताना ती एखाद्या मित्राला, साहेबाला किंवा शेजाऱ्याला बरोबर घेऊन येतात आणि मग घरात एकच प्रश्न पडतो: पाहुण्यांना न्यायचे कुठे? ताजमहाल त्यांनी आधीच पाहिलेला असतो. अजिंठा लांब पडतो. महाबळेश्वरला गर्दी. यंदा सप्टेंबरात गणपती उठल्यावर हा प्रश्न आमच्याच दारात आला, म्हणून हा लेख.

आपल्या एका सभासदाचा मुलगा हॉलंडमध्ये असतो. त्याच्याबरोबर तिकडचे एक शेतकरी जोडपे आले होते, साठीच्या पुढचे. गृहस्थ शर्करा-बीट पिकवतात आणि साखर कारखान्याचे सभासद आहेत. होय, सभासद! हॉलंडमधली सगळी बीट-साखर एका सहकारी संस्थेकडून निघते. कोझून तिचे नाव, सभासद आठ हजारांच्या आसपास, आणि एके काळच्या अनेक कारखान्यांपैकी आता दोनच मोठे उरलेत. तेव्हा पाहुणे म्हणजे आपल्याच जातकुळीतले निघाले. तीन आठवड्यांच्या हिंदुस्थान दौऱ्यात त्यांना एक शनिवार-रविवार मोकळा होता. त्यांनी सांगून टाकले, "राजवाडे पुष्कळ झाले, आता शेतं दाखवा."

आम्ही मावळ ठरवले, त्याला कारण होते. आपला ऊस उजनीवर आहे. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे आभाळ कोरडे असले तरी पारावर रोज एकच चौकशी चालते: "दौंडला किती क्युसेक?" दौंडला येणाऱ्या त्या पाण्यातला मोठा वाटा मावळ-मुळशीच्या पावसाचा. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा होऊन तीही भीमेतच येते. ज्या पाण्यावर आपण तीन पिढ्या भांडलो ते पडते कुठे, हे आमच्यातल्या निम्म्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. पाहुण्यांच्या निमित्ताने आमचीही सहल झाली, असे म्हणा.

पहाटे निघालो. पुणे ओलांडून देहूरोड-तळेगाव मागे टाकले की हवा बदलते. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आपण नारळ फोडतो. पुण्यात सातशेच्या आसपास पडतो. तिथून लोणावळा जेमतेम पासष्ट किलोमीटर, आणि तिथे मात्र चार हजार मिलिमीटर! समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. भिंत ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत त्यांच्यात फारसे काही उरत नाही. पाहुण्यांना हे सांगितले तेव्हा गृहस्थांनी वहीत आकडे लिहून घेतले आणि चार हजारांखाली दोन रेघा मारल्या. त्यांच्याकडे वर्षभर रिपरिप पडून आठशे-साडेआठशे होतो.

वडगावला चहा घेतला. १७७९ साली महादजी शिंद्यांनी इंग्रजांना इथे तह करायला लावला म्हणून वडगावचे नाव इतिहासात आहे. आमच्या लेखी ते भातासाठी आहे. इथल्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला 'इंद्रायणी' १९८७ साली प्रसारित झाला. आज आपल्या घरी पाहुणे आले की जो वासाचा भात होतो तो हाच. खाचरे पोटरीत आली होती, बांधावर तेरडा फुललेला. बाईंनी गाडी तीनदा थांबवली.

कार्ल्याचे लेणे पाहताना एकवीरा आईच्या दर्शनाची रांग आधी लागते. कोळी-आगरी मंडळींची गर्दी बारमाही. पाहुण्यांनी चपला काढल्या, रांगेत उभे राहिले, आणि मग शेजारच्या चैत्यगृहात शिरले. सुमारे १२४ फूट लांब, ४६ फूट रुंद, आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी अजून तशाच. खांबांवर देणगीदारांची नावे कोरली आहेत. आपल्या मंगल कार्यालयाच्या भिंतीवर असतात तशीच, फक्त दगडात. त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची नावे आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. कोकणातल्या बंदरांतून व्यापार घाटावर चढत होता, त्या वाटेवरचे हे लोक. परदेशी पाहुण्यांची मावळफेरी तेव्हापासूनची आहे तर! आणखी एक गोष्ट आम्हाला इथेच कळली. इथल्या एका लेखात भिक्षूंना गाव दान दिल्याची राजाज्ञा आहे आणि ती 'मामाल'च्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजेच मावळ, असे जाणकार मानतात.

दुपारी भाजे. मळवलीहून वर चढताना दम लागतो, पण चुकवू नये. कार्ल्याहून हे लेणे जुने, आणि इथे आम्हाला हवी ती गोष्ट सापडली. लेण्यालगत कातळात पाण्याची टाकी खोदली आहेत. त्यांतले एक महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या माणसाने दिले, असे त्यावर कोरले आहे. टाक्याला तिथे 'पोढी' म्हटले आहे. चार हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात पाण्याचे टाके दान का द्यावे लागले? कारण सोपे आहे. इथला दगड काळा बसाल्ट, उतार उभा. पडलेले पाणी तासाभरात ओढ्याला आणि ओढ्याचे नदीला लागते. चार महिने पुरात राहायचे आणि मार्चपासून हंडा घेऊन हिंडायचे, ही मावळची जुनी रीत. ज्याने पाणी अडवले त्याचे नाव दगडात राहिले.

मुक्काम लोणावळ्यात एका नातेवाइकांकडे होता. रात्री चिक्की आणली. तिची गोष्ट आपल्या धंद्यातली म्हणून दोन ओळी. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जात असे, तीच पुढे चिक्की झाली असे सांगतात. कडक चिक्कीसाठी पाक इतका आटवावा लागतो की त्यात पाणी जवळजवळ राहत नाही. त्यात थोडा ग्लुकोज घालतात, नाहीतर साखरेचे खडे परत बसतात. आपल्या पॅनमध्ये जे मुद्दाम घडवून आणायचे, ते चिक्कीवाल्याला टाळायचे असते. पाहुण्यांनी हे ऐकून मोठ्याने हसून दाद दिली. साखरवाल्याला साखरवाल्याचा विनोद कळतो.

रविवारी मात्र विनोद कमी झाला.

सकाळी भुशी धरणाकडे जायचे होते. आम्हीच बेत रद्द केला. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जाणे म्हणजे वाहनांच्या रांगेत दिवस घालवणे. ३० जून २०२४ ला, रविवारीच, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. वर पाऊस वाढला की ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढते आणि मधल्या खडकावर उभा असलेला माणूस अडकतो. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, तोही रविवार, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघे गेले. पाहुण्यांना नेणाऱ्या मंडळींना आमचे सांगणे एवढेच की जून ते ऑगस्टात मावळात जायचे तर वाहत्या पाण्यात पाय घालू नका आणि पोरांनाही घालू देऊ नका. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर उत्तम. तेव्हा सोनकी फुललेली असते, लोहगड पिवळा दिसतो.

भुशीचे धरण मुळात सहलीसाठी बांधलेले नाही. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. वाफेच्या इंजिनांना पाणी फार लागे, त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हे धरण बांधले. म्हणजे भाज्याच्या टाक्यांनंतर इथले पाणी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अडवले ते आगगाडीने.

त्यानंतर आले टाटा. राजमाची पॉइंटवर उभे राहून आम्ही पाहुण्यांना खाली खोपोली दाखवली आणि मग मागे वळून वळवण धरणाची दिशा दाखवली. मधे काही किलोमीटरचे अंतर, पण उंचीत सुमारे पाचशे मीटरचा फरक. ही सगळी गंमत त्या पाचशे मीटरची आहे. एरवी धरणाच्या पायथ्याला वीज करायची तर पाणी तीस-चाळीस मीटर पडते. इथे इंद्रायणीच्या वरच्या खोऱ्यातले पूर्वेकडे जाणारे पाणी अडवायचे, त्याला उलटे पश्चिमेकडे वळवायचे आणि नळांतून घाटाखाली सोडायचे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांवर खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरू लागल्या. आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरी सुरू झाले. मुळशीच्या धरणावर १९२७ मध्ये भिरा. तिन्ही मिळून आज ४४७ मेगावॉट.

हिशेब असा. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली पाडले तर एका युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. पाट पाण्यावरच्या उसाला एकरी वर्षाला साधारण एक कोटी लिटर पाणी लागते असे धरू. म्हणजे आपल्या एका एकराचे पाणी खोपोलीत उतरवले तर अकरा-बारा हजार युनिट वीज होईल. आता एकूण पाणी किती? कृष्णा खोऱ्याचा बचावत लवादाचा निवाडा १९७६ पासून लागू झाला. भीमेच्या उपनद्यांवरून टाटांच्या या धरणांनी किती पाणी पश्चिमेला न्यावे याची मर्यादा त्यात घातली आहे: कोणत्याही एका वर्षी ५४.५ टीएमसी आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. सरासरीने वर्षाला बेचाळीस टीएमसीच्या वर झाले. आपल्या उजनीचा उपयुक्त साठा त्रेपन्न टीएमसीच्या घरात आहे. तुलना सभासदांनीच करावी. कागदावर मांडले तर या बेचाळीस टीएमसीत सव्वा लाख एकरांच्या आसपास ऊस निघतो. अर्थात चारीतली गळती आणि उजनीवरचे बाष्पीभवन धरले की आकडा बराच खाली येतो, ते आपल्याला सांगायला नको.

"हे पाणी परत पूर्वेला फिरवा" ही मागणी आपल्या भागात दर दुष्काळात आणि दर निवडणुकीत होते. आम्हीही सभेत हात वर केलेले आहेत. पण राजमाचीवरून खाली बघताना एक गोष्ट कबूल करावी लागली. वीजघरातून सुटलेले पाणी समुद्रात वाया जाते असे आपण बोलतो, ते खरे नाही. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हासेत आणि भिऱ्याचे कुंडलिकेत जाते. त्या तिन्ही नद्यांवर खालची शहरे, गावे आणि कारखाने गेली शंभर वर्षे उभी राहिली आहेत. आज नळ बंद केला तर उद्या त्यांचे काय, हे सभेत कोणी विचारत नाही. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. मुंबईची कमाल गरज आता चार हजार मेगावॉटच्या घरात गेली, त्यात ४४७ ची किंमत १९१५ सारखी राहिलेली नाही. ही वीज काही मिनिटांत सुरू-बंद करता येते, म्हणून संध्याकाळच्या ताणाला ती मोलाची. आमच्या मते भांडण सोडवायची वाट इथूनच जाईल. २०२३ साली शिरवता आणि भिवपुरी इथे उदंचन प्रकल्पांसाठी राज्य शासनाशी करार झाले आहेत. उदंचन म्हणजे दिवसा स्वस्त वीज असताना खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि संध्याकाळी तेच पुन्हा खाली सोडायचे. तेच पाणी फिरवून वीज होत असेल तर नवे पाणी किती लागेल आणि वाचलेले कोणाला मिळेल, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. करारावर करार झाल्यावर विचारून उपयोग नाही.

पाहुण्यांनी विचारले, "धरणांत ज्यांची शेतं गेली त्यांनी काय केलं?" मग मुळशी सत्याग्रह सांगावा लागला. १९२१ च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी मिळाली ती या लढ्यात. तीन वर्षांवर लढा चालला, लोक तुरुंगात गेले, आणि धरण झाले.

दुपारी दुधिवरे खिंडीतून पवनेच्या खोऱ्यात उतरलो. मावळातला सर्वांत देखणा रस्ता हाच, एका बाजूला लोहगड, समोर तुंग-तिकोना आणि मधे पाणी. पवना धरण १९७२ मध्ये पुरे झाले. इथले पाणी पूर्वेलाच येते, नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत, आणि तिथून पिंपरी-चिंचवड उचलते. वाटेत काठावरचे शेतकरी मोटारी लावतात. धरणातून थेट बंद जलवाहिनीने शहराला पाणी न्यायची योजना आली तेव्हा नदी कोरडी पडेल, आपल्या मोटारी हवा ओढतील, ही त्यांची भीती होती. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले. त्यांत एक बाई होती. काम त्यानंतर थांबले.

धरणाच्या काठी एका घरी जेवलो. नाचणीची भाकरी, चवळीची उसळ, इंद्रायणी भात. घरचे आजोबा धरणग्रस्त. पाहुण्यांच्या भाषेची अडचण त्यांना बिलकूल वाटली नाही. ते मराठीतच बोलत राहिले आणि आपला पोरगा जमेल तसे सांगत गेला.

"आमची सारी खाचरं तिकडं, त्या झाडाच्या पल्याड," त्यांनी पाण्यात बोट दाखवले. "बदली जमीन मिळंल म्हणाले. माझा बाप वाट बघून गेला, आता मी बघतोय."

"आजोबा, मग आता शेती किती?"

"दीड एकर वरकस. मागं चार गुंठं बंगलेवाल्याला दिले. लेकीचं लगीन होतं. आता त्याच बंगल्यावर नातू राखणदार हाय." ते आमच्याकडे वळले. "तुमी कुठलं म्हनायचं?"

आम्ही उजनीचे, ऊसवाले, असे सांगितले.

"म्हंजे आमचंच पाणी," ते म्हणाले आणि सुनेला अजून भाकरी वाढायला सांगितले. त्यात टोमणा होता की नाही, यावर परतताना गाडीत आमचा वाद झाला. आमच्यातल्या एकांचे म्हणणे, होता. दुसऱ्यांचे म्हणणे, म्हातारा नुसते नाते जोडत होता.

त्या वादात पाहुण्यांनी त्यांच्याकडची पद्धत सांगितली. हॉलंडचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध फुटला तर जमीनदार आणि मजूर दोघेही बुडणार, म्हणून तेराव्या शतकापासून त्यांनी पाणी मंडळे काढली. आज अशी एकवीस मंडळे आहेत. त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात, वेगळी पट्टी बसते, आणि ओढ्यात पाणी कोणत्या पातळीला ठेवायचे ते मंडळ ठरवते. गावातल्यांना कोरडे हवे, गाईवाल्यांना ओले, बीटवाल्यांना मधले. भांडण तिथेही आहेच, फक्त सगळे एका टेबलाशी बसून भांडतात. आमच्यातल्या एकाने विचारले, त्या टेबलाशी वरचे आणि खालचे दोघेही असतात का? ते म्हणाले, असतात. खोऱ्याच्या हद्दीप्रमाणेच मंडळ असते, जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे नाही. बीट मात्र त्यांचे बहुतेक पावसावरच येते. २०१८ च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला तेव्हा तुषार संचावर बंदी आली, ती आठवण ते आपल्या २०१२-१३ सारखी सांगत होते.

आपल्या खोऱ्यात असे टेबल मांडले तर कोण कोण येईल, हे आम्ही मोजू लागलो. मुंबईचे वीजवाले, खोपोली-रोह्याचे कारखाने, पिंपरी-चिंचवड, पुणे, पवनेचे आजोबा, सोलापूरचे पिण्याचे पाणी, आणि आपण. इतक्या जणांत आपला वाटा मागायचा तर आपण पाणी किती घेतो हे आधी सांगता आले पाहिजे.

सोमवारी सकाळी पाहुण्यांना कारखाना दाखवला. हंगामापूर्वीची दुरुस्ती चालू होती, मिलचे रोलर उघडे होते. गृहस्थ चीफ इंजिनिअरांबरोबर तासभर रमले. तिथून सभासदाच्या उसावर गेलो. को ८६०३२ चा प्लॉट, उंच वाढलेला, सरीत घोट्याएवढे पाणी. शेजारच्या प्लॉटला ठिबक होते, तेही त्यांनी पाहिले. मग ते चारीच्या दारापाशी वाकून काहीतरी शोधू लागले. आम्हाला वाटले चष्मा पडला. मुलाने विचारून सांगितले, "काका, ते विचारतायत, इथला मीटर कुठंय?"

मीटर नाही, पाणीपट्टी एकरावर लागते, असे आम्ही सांगितले.